शेवाळाचा ताळेबंद

माझ्या धाकट्या बहिणीच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी, गेल्या वर्षी एक नवी बाटली येऊन बसली. आत पेजेसारखे पिवळट, बुळबुळीत काहीतरी. ‘‘दादा, हे सी मॉस. समुद्रातलं शेवाळ. सकाळी उपाशीपोटी दोन चमचे घ्यायचं. शरीराला लागणाऱ्या १०२ खनिजांपैकी ९२ यात असतात म्हणे!’’ हे ज्ञान तिला मोबाइलवर मिळाले होते. थायरॉइडवर तर रामबाण, असेही त्यात होते. मी हसलो आणि चहा मागितला. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. कारण त्या दोन चमच्यांच्या भरवशावर तिने १४ वर्षे चालू असलेली थायरॉइडची गोळी कुणालाही न सांगता बंद केली होती. आम्हाला ते कळले तेव्हा तिचा चेहरा सुजला होता, आवाज घोगरा झाला होता आणि दुधाचा हिशेब मांडताना ती तीनतीनदा चुकत होती.

गोळी पुन्हा सुरू झाली, बहीण सावरली. घरातल्यांनी सगळा राग शेवाळावर काढला. मला ते पटेना. कारण हे शेवाळ मी खाल्ले आहे, आणि आवडीने खाल्ले आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात मुलाकडे आयर्लंडला, गॉलवेला गेलो होतो. त्या पश्चिम किनाऱ्यावर ओहोटीला खडक उघडे पडतात आणि त्यांवर जांभळट तांबूस, झालरीसारखे शेवाळ दिसते. शास्त्रज्ञ त्याला काँड्रस क्रिस्पस म्हणतात, आयरिश लोक कॅरेगीन, म्हणजे छोटा खडक. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला लोक ते काढायला उतरतात. कोकणात कालवे काढणाऱ्या बायकाही याच ओहोटीची वाट पाहतात, हे तिथे उभे असताना आठवले. काढलेले शेवाळ गवतावर पसरतात. पावसाने धुऊन आणि उन्हाने तापून ते पांढरट होते, मग चांगले टिकते. १८४५ नंतर बटाट्याचे पीक कुजून तिथे भीषण दुष्काळ पडला, तेव्हा किनाऱ्यावरच्या गरिबांनी अशी शेवाळे खाऊन दिवस काढले. आज ऐटबाज बाटलीत बसलेल्या या पदार्थाचे कूळ असे उपाशी माणसांचे आहे.

मुलाच्या शेजारच्या आजीबाईंनी मला त्याचा गोड पदार्थ शिकवला. सुके शेवाळ जेमतेम ७ ग्रॅम, म्हणजे सैल मूठभर. कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून, वाळू-कचरा निवडून ते जवळजवळ लिटरभर दुधात टाकायचे आणि मंद आचेवर वीस मिनिटे उकळू द्यायचे. मग दाबून गाळायचे. गाळणीच्या बुडाला जो चिकट गर लागतो तो खरवडून दुधात मिसळायचा, सगळी करामत त्यातच असते. साखर, व्हॅनिला घालून गार केले की दूध घट्ट होते. मला तर ते खरवसाच्या जातीचे वाटले. ‘हात आखडता ठेवा, जास्त झाले तर समुद्राची चव येते,’ एवढेच त्यांनी बजावले. खनिजांबद्दल त्या अक्षरही बोलल्या नाहीत.

जमैकात ‘आयरिश मॉस’ याच नावाचे गार पेय आहे. उष्ण समुद्रातले, वेगळ्या जातीचे शेवाळ उकळून गाळायचे आणि त्यात कंडेन्स्ड मिल्क, दालचिनी, जायफळ घालायचे. पुरुषांच्या ‘ताकदी’साठी त्याची ख्याती, आपल्याकडच्या शिलाजितासारखी! आपणही यात मागे नाही. चायना ग्रास म्हणजे आगर, तेही लाल शेवाळातूनच निघते. एकदा थिजले की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय ते वितळत नाही, म्हणून फ्रिज नसलेल्या आमच्या घरात आईच्या हातच्या चायना ग्रासच्या वड्या मे महिन्यातही ताटात ताठ उभ्या राहत. आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरांत ४०७ हा आकडा दिसला तर समजावे की हा कॅरेजीनन, शेवाळाचाच अर्क. आइस्क्रीम खाऊन थायरॉइड बरा झाला, असे अद्याप कुणी म्हटलेले नाही.

आता त्या ९२ खनिजांकडे वळू. बँकेत ३४ वर्षे मी कर्जाचे अर्ज तपासले. ज्या अर्जात सगळेच उत्तम असते, तो पुन्हा वाचावा, हे पहिल्या वर्षीच शिकलो. निसर्गात सापडणारी मूलद्रव्येच साधारण ९४. त्यांपैकी शरीराला लागणारी खनिजे वीसेक. तेव्हा १०२ हा आकडा पहिल्याच ओळीत बाद. आणि खरोखरच ९२ मूलद्रव्ये त्या बाटलीत असतील, तर त्यांत शिसे, पारा आणि आर्सेनिकही आलेच की! ते कोण चमच्याने घेईल?

थायरॉइडला आयोडीन लागते, हे खरे. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. ते आपल्या मिठात आधीच घातलेले असते. शेवाळात किती असेल ते जातीवर, समुद्रावर आणि हंगामावर ठरते. बहिणीच्या बाटलीवर तो आकडाच नव्हता. आयोडीन कमी पडले तरी थायरॉइड बिघडतो आणि जादा झाले तरी बिघडतो. शिवाय तिच्या शरीराला हवे होते ते तयार हार्मोन. ते गोळीत होते, शेवाळात नव्हते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की शेवाळाला स्वयंपाकघरातच राहू द्यावे. हौस असेल तर सुके शेवाळ आणून स्वच्छ धुवावे, रात्रभर भिजवावे, मिक्सरमधून काढावे, फ्रिजमध्ये ठेवून दोनेक आठवड्यांत संपवावे. सूपला दाटपणा येतो, फळांच्या शेकमध्ये चमचाभर खपून जाते. थायरॉइडची औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावे. अन्नाने पोट भरावे, जिभेला बरे वाटावे, एवढे काम पुष्कळ आहे. त्याच्यावर औषधाची जबाबदारी टाकली की अन्नाचीही पत जाते आणि माणूसही गोत्यात येतो.

परवा बहिणीकडे गेलो होतो. फ्रिजच्या दारातली ती जागा रिकामी होती. तिने बशीत चायना ग्रासच्या वड्या आणून ठेवल्या, केशर घातलेल्या, अगदी आई करायची तशा. या वेळी मी हसलो नाही, विचारले, ‘‘गोळी?’’

‘‘सकाळीच घेतली, दादा.’’

मग मी दुसरी वडी उचलली.