चाकांवरचे वार्धक्य

अमेरिकेतील निवृत्त दांपत्य राहते घर विकते, आलेल्या पैशातून एक भलेमोठे मोटारघर खरेदी करते आणि उर्वरित आयुष्य देशभर भटकण्यात घालविते, हे चित्र सचित्र नियतकालिकांनी मोठ्या कौतुकाने रंगविले आहे. बिछाना, चूल, शीतकपाट, न्हाणीघर असे सारे पोटात घेऊन धावणारे हे वाहन. त्यालाच स्वातंत्र्य असे नाव देण्यात येते. हे स्वातंत्र्य कोण विकत घेतो आणि कोणाच्या गळ्यात ते मारले जाते, हा प्रश्न मात्र त्या कौतुकात बेमालूम गाळलेला असतो.

प्रथम हिशेबच पाहावा. डिझेलवर चालणाऱ्या मोठ्या मोटारघराची किंमत काही लाख डॉलरांच्या घरात जाते. त्यासाठी पंधरा-वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज मिळते; म्हणजे पासष्टाव्या वर्षी काढलेले कर्ज फिटायला पंच्याऐंशीवे वर्ष उजाडायचे! आणि ज्याच्यासाठी ते फेडायचे, त्या वाहनाची किंमत विक्रेत्याच्या आवारातून बाहेर पडताच घसरू लागते. सामाजिक सुरक्षा योजनेतून निवृत्त श्रमिकाला मिळणारी सरासरी रक्कम जानेवारी २०२४ मध्ये दरमहा सुमारे १९०० डॉलर होती. तीत हप्ता, इंधन, विमा, मुक्कामाचे भाडे आणि औषधपाणी बसवायचे. सरकारची उदारता पाहायची तर कर कायद्यात पाहावी. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेले वाहन तिथे ‘घर’ ठरते आणि त्याच्या कर्जावरील व्याजाला करात वजावट मिळू शकते. परंतु ही वजावट खर्चाची तपशीलवार मांडणी करणाऱ्या सुखवस्तूंनाच उपयोगी पडते. बेताच्या उत्पन्नाचा माणूस ठोक वजावट घेतो. त्याच्या पदरी यातले काही पडत नाही.

या मोटारघरांची राजधानी म्हणजे इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परगणा. अमेरिकेत बनणाऱ्या मोटारघरांपैकी बहुसंख्य याच परिसरात तयार होतात. तेथून थोड्याच अंतरावर साउथ बेंड नावाचे शहर आहे. डिसेंबर १९६३ मध्ये तेथील स्टुडबेकर मोटार कारखाना बंद पडला. निवृत्त झालेल्यांना आणि साठी गाठलेल्यांना पुरे पेन्शन मिळाले. चाळीस ते साठ वयाच्या चार हजारांवर कामगारांना त्यांच्या हक्काच्या सुमारे १५ टक्के रकमेवर वाटेला लावण्यात आले, आणि त्याहून तरुणांच्या हाती काहीच पडले नाही. एका पिढीच्या म्हातारपणाची तरतूद जिथे बुडाली, त्याच टापूत पुढे निवृत्तांना चाकांवरची घरे पुरविणारा धंदा फोफावला. अर्थात त्या धंद्यातील कामगारही सुरक्षित नव्हता. २००९ च्या मंदीत एल्कहार्टमधील बेकारी वीस टक्क्यांच्या घरात पोहोचली होती.

स्टुडबेकरच्या धक्क्यातून १९७४ मध्ये पेन्शनरक्षणाचा कायदा झाला खरा. पण १९७८ च्या करविषयक कायद्यातील ‘४०१ (के)’ या कलमाने भांडवलदारांना नवी पळवाट मिळाली. निश्चित पेन्शनचे दायित्व मालकाने झटकावे आणि कामगाराने आपली पुंजी शेअरबाजाराच्या हवाली करावी, अशी ही वाट. १९८३ मध्ये पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय टप्प्याटप्प्याने ६७ वर नेण्याचे ठरले. मग २००८ मध्ये बाजार कोसळला, घरांच्या किमतीही कोसळल्या, आणि दोन्ही गमावलेली कित्येक माणसे जुन्या गाड्यांत राहावयास आली. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ मधील ‘नोमॅडलँड’ या ग्रंथात ही माणसे भेटतात. कुणी ॲमेझॉनच्या गोदामात नाताळच्या हंगामापुरते राबते, कुणी सरकारी वनांतील तळांवर शौचालये धुते. ॲमेझॉनने तर २००८ पासून अशा फिरत्या मजुरांची स्वतंत्र फौजच उभारली होती.

महाराष्ट्रातील वाचकाला विशेष जवळचे वाटेल ते रेड नदीच्या खोऱ्यातील दृश्य. दर ऑक्टोबरात तेथे शर्कराकंदाचा हंगाम सुरू झाला की मोटारघरांचे तांडे उतरतात आणि साठी उलटलेली माणसे बारा-बारा तासांच्या पाळीत कंदांचे ढीग रचू लागतात. तेथील अमेरिकन क्रिस्टल शुगर हा उद्योग १९७३ पासून शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचा आहे. याच सहकारी उद्योगाने २०११ ते २०१३ या काळात आपल्या सुमारे १३०० संघटित कामगारांना टाळेबंदीने बाहेर ठेवले होते. बीडच्या कोपीत आणि डाकोटातील मोटारघरात अंतर पुष्कळ आहे. संसार पाठीवर टाकून हंगामामागे धावणे तेवढे सारखे.

‘त्यांनी ते स्वेच्छेने पत्करले आहे’, असे यावर सांगण्यात येते. ज्याला घरभाडे परवडत नाही त्याची ही कसली स्वेच्छा? जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी झोपणाऱ्यांना दंड करण्याचा नगरपालिकांचा अधिकार मान्य केला. लक्षाधीशाचे मोटारघर म्हणजे पर्यटन आणि कंगालाची गाडी म्हणजे उपद्रव, हा भेद त्यानंतर अधिकच धारदार होणार.

मात्र म्हाताऱ्यांच्या भटकण्याच्या हौसेला चैन म्हणून नाक मुरडणाऱ्या कार्यकर्त्यांनीही थोडे थांबावे. जन्मभर एका यंत्रापाशी उभे राहिलेल्याला समुद्र पाहावासा वाटला तर तो बूर्झ्वा होत नाही. १९३६ मध्ये फ्रान्समधील लेआँ ब्लुम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली, तिच्या जोडीला रेल्वेची सवलतीची तिकिटेही दिली. प्रवास हा हक्क मानला की त्याची सोय सार्वजनिक असते. तो माल मानला की प्रत्येकाने आपापली गाडी आणि आपापले कर्ज ओढायचे.

इकडची वाटचालही कोणत्या दिशेने आहे? केंद्राने २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांचे निश्चित पेन्शन काढून घेऊन ते बाजाराच्या स्वाधीन केले. मार्च २०२३ च्या संपासारखे लढे झाले, तेव्हा कोठे २०२४ मध्ये केंद्राला हमीच्या रकमेची भाषा बोलावी लागली. ज्येष्ठांना रेल्वे भाड्यात मिळणारी सवलत, पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के, मार्च २०२० मध्ये साथीच्या निमित्ताने बंद झाली. साथ ओसरल्यावरही ती परत करण्याची घाई सरकारला झाली नाही. याउलट ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. पण त्यासाठी गाडी वेळेवर आणि धड अवस्थेत फलाटाला लागली पाहिजे, आणि तिच्या चालक-वाहकांना महिन्याचा पगार महिन्याला मिळाला पाहिजे. पक्षाच्या तालुका शाखांनी निवृत्तांच्या मेळाव्यांत रेल्वे सवलतीच्या मागणीबरोबर ही मागणीही मांडावी.