रुमालाखालचा सौदा

नामपूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो तेव्हा बोली मोठ्याने पुकारली जाते आणि ज्याचा माल आहे त्याच्या कानावर ती पडते. पूर्वी अनेक बाजारपेठांत असे नव्हते. व्यापारी आणि दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. शेतकऱ्याला कळे तो केवळ निकाल. कायद्याने तो हात रुमालाबाहेर काढला. १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायद्याचे दोष पुष्कळ दाखविता येतील. परंतु व्यवहार उघड्यावर व्हावा, हे त्यामागील तत्त्व निर्विवाद आहे. माणसामाणसांतील संवादाचा जो नवा बाजार आज उभा राहिला आहे, त्यालाही हेच तत्त्व लावण्याची वेळ आली आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी वाचक स्वतः शोधून वाचीत असे आणि संवाद शहरी सुशिक्षितांपुरता मर्यादित होता. २००४ मध्ये फेसबुकचा जन्म झाला. २०१६ पासून स्वस्त डेटामुळे समाजमाध्यमे खेड्यापाड्यांत पोचली. वाचक लेखक झाला. लासलगावचा भाव नामपूरच्या शेतकऱ्याला खळ्यात बसून कळू लागला. जून २०१७ मध्ये पुणतांब्याहून सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक गावोगाव गेली, त्यातही या माध्यमांचा वाटा होता. ज्यांना वर्तमानपत्रांत दोन ओळींची जागा नव्हती त्यांना आवाज मिळाला. ही लोकशाहीची कमाईच होय. सामान्य माणसाच्या हाती हे साधन द्यायलाच नको होते, असे म्हणणाऱ्यांचा राग साधनावर नसून सामान्य माणसावर आहे.

परंतु वाचक लेखक झाला, तरी मालक झाला नाही. या बाजारात सेवा फुकट मिळते. कारण विकले जाते ते आपले लक्ष, आणि गिऱ्हाईक असतो जाहिरातदार. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप सुमारे १९ अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला. ती किंमत यंत्रसामग्रीची नव्हती. कोट्यवधी माणसांच्या परस्परसंबंधांची होती. फेसबुकसारख्या माध्यमांवर कोणाचे बोलणे वर न्यायचे आणि कोणाचे तळाशी ढकलायचे, हे कंपनीचे गणित ठरविते. माणूस अधिकाधिक वेळ खिळून राहावा, हा त्या गणिताचा हेतू. आणि संताप व भय यांइतके माणसाला दुसरे काय खिळवून ठेवते? येथे हात पुन्हा रुमालाखाली गेला आहे.

याची किंमत कोण मोजतो? बागलाणच्या शेजारच्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. गुन्हा जमावाचा होता. भटक्यांविषयीचा आपला जुना संशयही त्यात होता. यंत्रावर सारा दोष टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. पण पारावर अफवा सांगणाऱ्याला 'तू पाहिलेस काय?' असे विचारता येत असे. पुढे ढकललेल्या संदेशाला चेहराच नसतो. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा जाहीर केली. याचा अर्थ मर्यादा घालणे शक्य होते; ती कधी घालायची, हे मात्र एकटा मालक ठरवीत होता.

यावर उपाय सरकारी मुस्कटदाबीचा नव्हे. सरकारविषयीचा मजकूर खरा की खोटा हे सरकारनेच ठरवावे, अशी तरतूद केंद्राने २०२३ मध्ये केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ती रद्दबातल ठरविली, हे योग्यच झाले. रुमाल कंपनीच्या हातून काढून मंत्र्याच्या हाती द्यायचा नाही. तो बाजूला करायचा आहे. युरोपीय संघाच्या २०२२ च्या कायद्याने बड्या माध्यमांना, व्यक्तीच्या पाळतीवर आधारलेला नसलेला मजकुराचा क्रम निवडण्याची मुभा लोकांना देणे भाग पाडले आहे. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या क्रमाच्या प्रश्नाला हात घातलेला नाही. तो घातला पाहिजे: गणिताचे निकष जाहीर असावेत, स्वतंत्र तपासणी व्हावी आणि निवडीचा हक्क नागरिकाला असावा.

हे अशक्य नाही. २०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक ई-पत्रे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे गेली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये प्राधिकरणाने इंटरनेटवरील भेदभावी दरआकारणीला बंदी घातली. फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजना त्यामुळे गुंडाळली गेली. बोली उघड व्हावी असा आग्रह शेतकऱ्याने धरला, तसाच तो नागरिकाने आता धरला पाहिजे. आपल्या बोलण्याचा भाव आपल्या पाठीमागे ठरू देणे, हे स्वाभिमानी समाजाला शोभणारे नाही.