अठराव्या वर्षाचा उंबरठा

बारावीचा निकाल लागला, की घराघरांतून ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न विचारला जातो. दिव्यांग मुलाच्या घरी मात्र हा प्रश्न पुष्कळदा अनुत्तरितच राहतो.

कायद्याने आपले काम बरेचसे केले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलास वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुढे शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के, तर सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. पण शाळेत शिक्षकांची ओळख, लेखनिक, परीक्षेतील जादा वेळ हे सारे एकाच छपराखाली मिळत असते. शाळा सुटली, की प्रत्येक दार नव्याने ठोठवावे लागते.

त्यांपैकी एक दार आपल्या बँकेचे आहे. काही महिन्यांपूर्वी एक युवक आईसमवेत आमच्या शाखेत आला. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्याने त्याचे अज्ञान खाते सज्ञान करावयाचे होते. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याचा हात थरथरत होता. मी त्याच्या आईला विचारले, “यांना सही करता येते का?” उत्तर त्यानेच दिले, “येते, सर. थोडा वेळ लागेल.” मी खजील झालो.

याच अधिनियमाने दिव्यांग व्यक्तीस इतरांइतकाच स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा व कर्ज मिळविण्याचा हक्क दिला आहे. दृष्टिहीन ग्राहकांना चेकबुक, एटीएम, लॉकर आदी सुविधा भेदभाव न करता द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बजावले आहे. ज्यांना खरोखरच पालकाची गरज आहे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये स्थानिक स्तर समितीची व्यवस्था आहे. तथापि, प्रत्येक दिव्यांग ग्राहकास पालक हवाच, हे आपण परस्पर ठरवू नये.

सहकाऱ्यांना माझी विनंती आहे, की आपण ग्राहकाशीच बोलावे, सोबत आलेल्याशी नव्हे. पालकांनी पहिली पावती मुलालाच भरू द्यावी. आणि आपल्या उद्योजक ग्राहकांनी एक जागा अशा युवकासाठी अवश्य राखावी. खात्यात स्वकष्टाचा पगार जमा झाला, तरच ते खाते उघडण्याला खरा अर्थ येईल.

त्या दिवशी सहीला चार मिनिटे लागली. रांगेतील कोणीही कुरकुर केली नाही.