हाताने फिरवायचे भिंग



गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत वडिलांच्या कपाटातून एक जुनी लेन्स निघाली. सोव्हिएत रशियातील झेनिट कॅमेऱ्यांवर येणारी ५८ मिलिमीटरची हेलिऑस. ती भंगारात जाणारच होती, पण मुलाने ४२ मिलिमीटर आट्यांचे अडॅप्टर आणून ती आपल्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसवली. अशा कॅमेऱ्यात आरसा नसल्याने अडॅप्टरपुरती जागा उरते आणि बहुतेक जुनी भिंगे चालतात.

ही लेन्स आपणहून काहीच करीत नाही. अंतराची कडी हाताने फिरवावी लागते, प्रकाशाचे छिद्रही हातानेच लहानमोठे करावे लागते. २, २.८, ४, ५.६ अशा प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. कृतीपूर्वीच्या अशा सावधपणाला आपण जयणा म्हणतो. नाशिककरांना हा धीर परका नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी वाटाण्याच्या अंकुराची वाढ अशीच थोडी थोडी करून टिपली होती.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. पापड-मसाले आपण कोरडे ठेवतो, म्हणजे जीवोत्पत्तीच टळते. तसेच भिंगही सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवावे. दुसरे, या छंदात एकीवर मन थांबत नाही. साधेपणाच्या नावाने परिग्रह वाढू नये. घरात आहे ती एक पुरे.

या अक्षय तृतीयेला आईच्या वर्षीतपाचे पारणे होते. तिने उसाच्या रसाचा पहिला घोट घेतला, तेव्हा मी कडीच फिरवीत होतो. तो क्षण हुकला. स्वयंचलित लेन्सने तो बहुधा पकडला असता, ही रुखरुख आजही आहे. पण कडी फिरता फिरता तिचा चेहरा धूसरातून स्पष्ट होत गेला आणि तपाने खोल गेलेले गाल, डोळ्यांखालच्या रेषा मला प्रथमच दिसल्या. वर्षभर एका घरात राहून, दुकानाच्या धावपळीत, मी त्या पाहिल्याच नव्हत्या.

छायाचित्र पाहून आईने एवढेच विचारले, “मी इतकी वाळले का रे?”

मला लगेच उत्तर देता आले नाही.