सूत्रधाराचे तारतम्य आणि संहितेची सत्ता

मराठी नाटकाचा इतिहास सांगताना आपली समीक्षा एक चढता क्रम गृहीत धरते. १८४३ साली सांगलीत झालेले विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ म्हणजे बाल्यावस्था, वि. ज. कीर्तने यांचे १८६१ चे ‘थोरले माधवराव पेशवे’ म्हणजे ग्रंथरूपाची चाहूल आणि अण्णासाहेब किर्लोस्करांचे १८८० चे ‘शाकुंतल’ म्हणजे प्रौढत्व. या क्रमामागे एक न तपासलेला सिद्धान्त दडलेला आहे: नियम लिहिला गेला की मनमानी संपते. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप या सिद्धान्तावर आहे.

भाव्यांच्या खेळात पद्ये आधी रचलेली असत. सूत्रधार प्रयोगभर रंगमंचावर राहून ती गाई व आख्यान पुढे नेई. पात्रे मात्र आपली भाषणे आयत्या वेळी रचीत. सिंधुदुर्गातील दशावतारात आजही आख्यान ठरलेले असते आणि संवाद मोकळे असतात. रावणाची भूमिका करणाऱ्या नटाला वाटले म्हणून रावण जिंकत नाही. पण मरण्यापूर्वी त्याने किती बोलावे, हे समोरचा प्रेक्षक पाहून ठरते. याला स्वैरता म्हणणे म्हणजे संकेत आणि लिखित नियम यांतील फरकच नाकारणे होय.

‘खेळ’ हा आपला शब्द नाटकाला आणि क्रीडेला सारखाच लागू पडतो, म्हणून एक परकीय दाखला येथे अप्रस्तुत ठरू नये. प्रशियात १८२४ साली राइसविट्झने युद्धाचा खेळ कोष्टके व फासे यांनी बांधून दिला. कोष्टकांचे ओझे असह्य होऊन १८७६ मध्ये फेर्डी द्यु फेर्नुआने निर्णय अनुभवी पंचाच्या तारतम्यावर सोपवला. हाच वाद १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळाने पुढे चालवला. त्यात टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण एकेका पात्राच्या वतीने बोलतो आणि ‘गेम मास्टर’ परिस्थिती सांगून परिणाम ठरवतो. त्याने छापील नियम बाजूला सारावा काय, यावर खेळणाऱ्यांत आजही दोन तट आहेत. ‘नियम मोडला तर न्याय कुठला?’ असे एक तट विचारतो. ‘नियमाने कथा मारली तर खेळ कुठला?’ असे दुसरा.

नियमवाद्यांचा आक्षेप हलका नाही, आणि कोल्हापुरात तर तो मुळीच हलका मानता येणार नाही. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, त्या नेमणूक करणाऱ्यांच्या ‘तारतम्या’वर विश्वास ठेवण्याजोगा नव्हता म्हणूनच. तेथे लेखी नियम हाच दुर्बलांचा आधार होता. पण नोकरी मागणाऱ्याला व्यवस्थेबाहेर उठून जाता येत नाही. खेळात सहभागी होणारा संमतीने बसतो आणि सूत्रधार अन्यायी वाटल्यास उठून जाऊ शकतो, प्रेक्षकही उठतो. ही समक्ष जबाबदारी जेथे आहे तेथे तारतम्य ही सत्ता न राहता सेवा होते. सूत्रधार हा बहुधा मंडळीचा मालकही असे, आणि नटाला उठून जाणे प्रेक्षकाइतके सोपे नसे, हे मान्यच आहे. परंतु त्यावरचा उपाय करार आणि वेतन यांत शोधावा लागेल. संवाद कागदावर बांधून तो साधणार नाही.

लेखनाने मनमानी संपते की केवळ जागा बदलते, हे तमाशाच्या इतिहासात दिसते. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली. ती सैल झाली तेव्हा वग लिहून आधी तपासून घेण्याची अट आली. सोंगाड्याची बतावणी तर त्या गावातल्या, त्या रात्रीच्या प्रसंगावर उभी असते. ती आगाऊ लिहायची कशी? येथे वरवर नियम आला. प्रत्यक्षात तारतम्य सोंगाड्याकडून काढून मेजामागच्या परीक्षकाकडे गेले. सोंगाड्याची चूक फडातच पकडली जाई. परीक्षकाला प्रेक्षकासमोर कधी उभे राहावे लागले नाही.

केवळ छापील संहितेवर नाट्यसमीक्षा उभारणारे आपण, नकळत, त्याच मेजामागे जाऊन बसलो आहोत. कोल्हापूरहून सांगली सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. तरी आपल्या पदव्युत्तर वर्गांत भाव्यांचा सूत्रधार ‘आरंभ’ या प्रकरणात उरकला जातो. त्याने काय लिहिले नाही याची नोंद आपण पुष्कळ केली. लिहिलेले आणि न लिहिलेले यांचा मेळ तो कोणासमोर व कोणत्या जबाबदारीने घालीत होता, हा प्रश्न समीक्षेने आता विचारला पाहिजे.