सुरुवात पटरपासून

गोल्फ शिकणाऱ्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, देऊ नका. वडिलांचा जुना, कापून आखूड केलेला तर मुळीच नको. तो जड असतो, ताठ असतो. तो पेलताना बिघडलेली पकड पुढे वर्षानुवर्षं सुधारत नाही. लहान बोटांना उजवी करंगळी डाव्या तर्जनीत गुंतवून धरणं सोपं जातं. जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स तर मोठेपणीही तसंच धरत राहिले.

पण या सगळ्याआधी मुलाच्या हाती पटर, म्हणजे चेंडू हळूच होलमध्ये ढकलायची काठी, देऊन त्याला पटिंगच्या हिरवळीवर न्या. होलचा व्यास जेमतेम 108 मिलिमीटर. दोन हातांवरून ढकललेला चेंडू त्यात टपकन पडला, की मूल पुन्हा चेंडू मांडतंच!

बंगळूरची अदिती अशोक पाचव्या वर्षी खेळू लागली. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला तिचे लांब फटके इतरांपेक्षा तोकडे पडत होते, तरी पटरच्या बळावर ती चौथी आली. पदक एका फटक्यानं हुकलं.

पटिंगच्या हिरवळीला जागा फार लागत नाही. महाराष्ट्रातल्या गोल्फ क्लबांनी रिकाम्या दुपारी ती शाळकरी मुलांना खुली करावी, ही आमची कळकळीची मागणी आहे.