खोक्यातला परीक्षक

इंग्लंडमधल्या मोठ्या ब्रास बँड स्पर्धांत परीक्षकांना मंच दिसत नाही. सभागृहात त्यांच्यासाठी चारी बाजूंनी झाकलेला खोका उभारतात. ते आत स्वरलेखन समोर ठेवून बसतात आणि कोणता बँड वाजवतोय हे त्यांना कळू दिलं जात नाही. कंडक्टरचे झुलते हात, उडणारे केस, मिटलेले डोळे, सगळं वाया. बँडचा कंडक्टर व्हायचंय म्हणणाऱ्याला मी आधी या खोक्यात बसवीन.

कारण खरी तालीम कानाची असते. ब्रास बँडमध्ये पंचवीस-सव्वीस वादक असतात आणि त्यांच्या हाती कॉर्नेट, फ्ल्यूगलहॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन, बास. शिवाय तालवाद्यं. व्हायोलिन नाही, बासरी नाही, ट्रंपेटसुद्धा नाही. सगळी एकाच गोतातली. ऑर्केस्ट्रात ओबो बेसूर झाला तर बोट दाखवता येतं. इथे दुसरा बॅरिटोन किंचित चढला तर नुसता सगळा बँड गढूळ वाटतो. चूक कोणाच्या तोंडून आली हे ओळखायलाच वर्षं जातात.

कागदही फसवा. अगडबंब बासपासून छोट्या कॉर्नेटपर्यंत जवळजवळ सगळ्यांचं लेखन ट्रेबल क्लेफमध्ये. बास ट्रॉम्बोन तेवढा वेगळा. वादकाची यात मोठी सोय आहे. कॉर्नेटवाल्याला उद्या बास धरायला सांगितलं तरी बोटं तीच चालतात. त्या सोयीची किंमत कंडक्टर मोजतो. कागदावरचा ‘सी’ कॉर्नेटवर बी फ्लॅट ऐकू येतो, टेनर हॉर्नवर ई फ्लॅट. पान पाहताक्षणी प्रत्यक्ष नाद मनात उमटला पाहिजे. त्याला उपाय एकच: पेटी घेऊन बसा, एकेक स्वरसंघात वाजवून पाहा, रोज.

आणि ओठ. तंतुवाद्य वाजवणाऱ्याचा हात दुखतो, पण ब्रासवाल्याचे ओठ थकले की सूरच निघत नाही. शेवटचा दणदणीत भाग शुक्रवारी दहा वेळा घोटून घेणारा शनिवारची स्पर्धा तालमीतच हरतो. हे पुस्तकात वाचून समजत नाही, तिसऱ्या कॉर्नेटच्या खुर्चीत बसून समजतं. म्हणून कधीही न फुंकता थेट काठी हाती घेणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रास बँडच्या क्षेत्रावर ज्या तिघा कंडक्टरांचं राज्य होतं, तेही वाजवणाऱ्यांतूनच आले: जॉन ग्लॅडनी, अलेक्झांडर ओवेन आणि एडविन स्विफ्ट. ग्लॅडनी मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवायचा. स्विफ्ट यॉर्कशायरच्या कापडगिरणीतला कामगार.

पुढे सॅल्फर्डसारख्या विद्यापीठाने बँडसंगीताची पदवीही सुरू केली. चांगलंच झालं. पण माझ्या मते तिथलं खरं विद्यालय म्हणजे बँडची उतरंड. चॅम्पियनशिप आणि त्याखाली पहिली ते चौथी अशा पाच श्रेण्या. नवख्या कंडक्टरला बहुधा तळाचा बँड मिळतो. त्यात पोस्टमन, शाळकरी मुली, निवृत्त आजोबा. तालमीला एक हॉर्नवाला येतच नाही, मग त्याची ओळ कोणाकडून काढून घ्यायची हे उभ्या उभ्या ठरवावं लागतं. याला कुठली पदवी पुरणार?

आपल्याकडे अशी उतरंड नाही. सैन्याला बँडमास्तर हवे असतात, म्हणून पचमढीला लष्कराचं संगीत प्रशिक्षण केंद्र आहे. वरातीपुढे चालणाऱ्या बँडमास्तरला मात्र कोणी शिकवत नाही. तो स्वतःच ट्रंपेट वाजवत चालतो, मान वळवून खूण करतो आणि मागचे वीसजण बरोबर समेवर थांबतात, तेही ट्रॅफिकच्या हॉर्नमध्ये. कान त्याच्याकडे आहे, दमसास आहे. नाही ते स्वरलेखन आणि हार्मनी, त्यामुळे बहुतेक बँडमध्ये सगळे एकच चाल वाजवतात आणि युफोनियम फुकट जातो.

आपल्या संगीत महाविद्यालयांनी या मास्तरांसाठी एक छोटा वर्ग काढावा. लग्नसराई सरल्यावर आणि गणपती येण्याआधी जून-जुलैत ही मंडळी त्यातल्या त्यात मोकळी असतात. फी कोण भरणार? गणेश मंडळांनी डीजेच्या खर्चातला थोडा वाटा इकडे वळवावा, असं सुचवून पाहतो. मंडळवाले हसतील, त्याला माझी हरकत नाही.